चाळीस किलो कांदा

कर्वेनगरात आमची खाणावळ आहे. दुपारचे डबे साडेतीनशेच्या आसपास, रात्रीचे त्याहून कमी, आणि सकाळी पोहे-मिसळ खायला येणारी कॉलेजची पोरं. अकराला पहिली गाडी डबे घेऊन निघायची तर नऊच्या आत भाज्या फोडणीला पडायला हव्यात. म्हणजे चिराचिरी पहाटे साडेपाचला सुरू. चिरायला दोन मावशी होत्या. त्यातल्या एकींचे गुडघे गेले, त्यांनी काम सोडलं, आणि त्यांच्या जागी विळीवर तीन तास बसणारं कुणी मिळेचना. मिळालं तरी पहिल्या पगारापर्यंत टिकेना.

यांचं म्हणणं सरळ होतं. एक मोठा फूड प्रोसेसर आणू. कांदा त्यातच, वाटण त्यातच, कूट त्यातच, जमलं तर कणीकही त्यातच. कॅटलॉगातलं चित्रही तेच सांगत होतं: मधे चकचकीत मशीन, भोवती ओळीने मांडलेली पाती आणि डिस्का, आणि कोपऱ्यात लालबुंद टोमॅटो.

मी म्हटलं, आधी आपण रोज चिरतो तरी काय ते बघू.

स्वयंपाकघरात काटा होताच. त्याच्याशेजारी वही टांगली आणि जे चिरायला, किसायला, वाटायला घ्याल ते वजन करून लिहा, किती वाजता घेतलं आणि किती वाजता संपलं तेही लिहा, असं सगळ्यांना सांगितलं. पहिले काही दिवस मावशींना वाटलं की मी चोरी पकडायला बसले आहे. मग सवय झाली. वहीत जे दिसलं ते असं: कांदा रोज चाळीस किलोच्या घरात, बटाटा पंचवीस, कोबी-गाजर-फ्लॉवर वार बघून पंधरा ते वीस, शेंगदाण्याचं कूट पाच-सहा किलो आणि एकादशीला त्याच्या दुप्पट, ओलं वाटण दहा-बारा किलो. वेळेच्या रकान्यात मात्र कांद्याने निम्मी सकाळ खाल्लेली. आणि तो कांदाही एक प्रकारचा नव्हे. पोह्यांना आणि मिसळीवर घालायला बारीक, वाटणासाठी भाजायला उभा पातळ, रस्सा भाजीला मध्यम. कुठल्या कामाला किती कांदा हे तोवर आमच्यापैकी कुणीच कधी मोजलं नव्हतं.

वही नीट वाचल्यावर तीन कामं वेगळी झाली. चिरणं आणि किसणं हे एक. कोरडं भरडणं, म्हणजे कूट, हे दुसरं. पाणी घालून वाटणं हे तिसरं. विकणारे तिन्हींना एकाच नावाखाली बसवतात. पण चिरायला धारदार पातं आणि सावकाश फिरणारी डिस्क लागते, वाटायला वेग आणि जोर लागतो, आणि कुटाला वेग चालतच नाही, कारण शेंगदाणा तापला की तेल सोडतो आणि कुटाऐवजी लोणी हाती येतं.

वाटणासाठी तोवर घरगुती मिक्सर होते. तीन ओळीने मांडलेले आणि त्यातला एक कायम दुरुस्तीला. मिक्सर उलटा करून बुडाची पट्टी फारसं कुणी वाचत नाही. तिथे बहुतेक मिक्सरवर ३० मिनिटांचं रेटिंग छापलेलं असतं, आणि सोबतच्या पुस्तिकेत पाच मिनिटं चालवा मग थोडं थांबवा असं लिहिलेलं असतं. आत जी मोटर असते ती कार्बन ब्रशवाली, लहान, हलकी, आणि भार नसताना मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेणारी. घरच्या दोन वाट्या चटणीला ती उत्तम. आमच्याकडे ती सलग तास-दीड तास चालायची. आधी वार्निश जळल्याचा वास, मग बुडाचं लाल बटण बाहेर, मग ‘ताई, बंद पडला’. वॉरंटीच्या कागदावर व्यावसायिक वापर चालणार नाही असं बारीक अक्षरांत असतंच, त्यामुळे कंपनीला दोष द्यायचीही सोय नाही.

इथे एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. आपल्याकडे ज्याच्या नावाने एक पिढी मिक्सरला ओळखायची तो सुमीत असाच बंद पडलेल्या मिक्सरमधून आला. माधुरी माथुर यांचा जर्मन मिक्सर आपल्या डाळ-मसाल्यांपुढे मोडला, इथे दुरुस्त होईना, म्हणून त्यांचे इंजिनिअर पती सत्य प्रकाश माथुर यांनी भारतीय वाटणाला पुरेल असा मिक्सर बनवायला घेतला. १९६३ मध्ये तो बाजारात आला. घरासाठी तो प्रश्न सुटला. आमच्यासारख्या, घराहून मोठ्या आणि कारखान्याहून लहान स्वयंपाकघराचा मात्र लटकतच राहिला.

फूड प्रोसेसरची गोष्ट बरोबर उलट्या दिशेची. तो आधी हॉटेलात आला, घरात नंतर. पियर व्हर्दं नावाचा फ्रेंच माणूस हॉटेलांना सामान विकत फिरायचा. आचाऱ्यांचा सगळा वेळ चिरण्यात जातो हे त्याने पाहिलं आणि त्यातून रोबोट कूप हे मशीन निघालं. त्याची घरगुती आवृत्ती मॅजीमिक्स १९७१ सालची, आणि अमेरिकेत कार्ल सॉन्थायमर यांनी १९७३ मध्ये आणलेला क्विझिनआर्ट त्याच कुळातला. हे कळल्यावर ‘घरच्यापेक्षा मोठा घ्या’ या सल्ल्यातली गफलत लक्षात येते. हॉटेलचं मशीन म्हणजे घरच्या मशीनचं फुगवलेलं रूप नाही, त्याची मोटरच वेगळी असते. ती ब्रशवाली नसते, इंडक्शन असते. जड असते, कमी फेरे घेते आणि तासन्‌तास चालते. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर साधी चार पोलांची इंडक्शन मोटर मिनिटाला साधारण १४४० फेरे घेते. चिरायच्या मशीनमध्ये ते गिअरने किंवा पट्ट्याने आणखी खाली आणतात, तीनशे-चारशेपर्यंत. दुकानदार ‘पॉवरफुल आहे मॅडम, फुल स्पीड’ म्हणाला की मी फेरे विचारायची. निम्म्या जणांना ते सांगता यायचे नाहीत.

मग बघायला सुरुवात केली. बोहरी आळीपासून, मग मोठ्या हॉटेलांना सामान पुरवणाऱ्या डीलरांकडे, आणि मुंबईला जाणं झालं तेव्हा नागदेवी स्ट्रीटवरही. देशी मशिनांपैकी बरीचशी राजकोटची निघाली. आयात केलेली बहुतेक युरोपातली.

पहिला निकाल पटकन लागला. भांडं आणि एस आकाराचं पातं असलेलं मशीन, ज्याला सगळे फूड प्रोसेसर म्हणतात, ते चिरायला आमच्या कामाचं नाही. साडेतीन-पावणेचार लिटरचं भांडं ऐकायला मोठं वाटतं, पण ते काठोकाठ भरून चालत नाही. कांद्याचा एक घाणा जेमतेम किलोभराचा. म्हणजे चाळीस घाणे, आणि दर घाण्याला झाकण काढा, पातं काढा, खरवडा, पुन्हा लावा. शिवाय पातं कांदा चिरत नाही, तोडतं. खालचा लगदा होतो आणि वरच्या फोडी राहतात. आम्हाला हवं ते वरून तोंडात टाकलं की खालून परातीत पडत राहणारं, डिस्क बदलता येणारं मशीन. बाजारात त्याला व्हेजिटेबल कटर म्हणतात. यांना हे पटायला जरा वेळ लागला, कारण भांड्यावाल्या मशीनसोबत कणकेचं पातं फुकट मिळत होतं. साडेतीनशे डब्यांच्या पोळ्यांची कणीक त्यात किती घाण्यांत होईल ते मी कागदावर मांडून दाखवलं, तेव्हा तो विषय मिटला.

डेमो हा प्रकार मजेशीर असतो. जिथे जाल तिथे गाजर आणि काकडी. गाजर कुठल्याही मशीनमध्ये सुरेख चिरलं जातं. बोथट पात्यालाही गाजर काही बोलत नाही. म्हणून मी पिशवीतून स्वतःचा माल न्यायला लागले: कांदे, अर्धा कोबी, भाजलेले शेंगदाणे, ओलं खोबरं. मार्च चालू होता, त्यामुळे लाल कांदा संपत आलेला आणि उन्हाळ कांदा नुकताच आलेला. दोन्ही घेतले. खरिपाच्या लाल कांद्यात पाणी जास्त, पाकळ्या सैल, आणि तो टिकत नाही. उन्हाळ घट्ट, कोरडा, कांदाचाळीत महिनोन्‌महिने राहणारा. एखादं मशीन उन्हाळ कांद्यावर पास होऊन लालवर नापास होतं हे मी तिथे उभं राहून पाहिलं.

बघायची पद्धत माझीच होती. दोन किलो कांदा चिरून झाला की तो स्टीलच्या परातीत पसरायचा, पाच मिनिटं थांबायचं आणि परात तिरकी करायची. एका ठिकाणी परातीच्या कडेला दोन चमचे पांढुरकं पाणी जमलं, कांद्याच्या कडा चेमटलेल्या, आणि बोटांनी उचलला तर पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या. तोच कांदा दुसऱ्या मशीनवर: परात जवळजवळ कोरडी आणि प्रत्येक काप सुटा. पहिल्या कांद्याचे पोहे केले तर कांदा परतायच्या ऐवजी शिजतो. वर तो तासभर नुसता ठेवला तरी उग्र, कडवट लागायला लागतो, आणि मिसळीवर कच्चा घालायचा तर ते चालतच नाही. त्या पहिल्या दुकानदाराचं म्हणणं, ‘मॅडम, कांद्यातच पाणी आहे.’ शेजारच्या दुकानातला कांदाही माझ्याच पिशवीतला होता, पण वाद घातला नाही.

चौकोनी फोडींचं प्रकरण आणखी वेगळं. त्यासाठी काप करणारी डिस्क आणि तिच्याखाली जाळी असा जोड लागतो. बटाट्याच्या दहा मिलिमीटरच्या फोडी झकास होतात. पोह्यांचा बारीक कांदा मात्र पाच मिलिमीटरच्या जाळीत अडकतो, कारण कांद्याच्या पाकळ्या सुटून आडव्या पडतात आणि जाळीच्या तोंडाशी गच्च बसतात. मग काठीने ढकला, धुवा, पुन्हा लावा. मी ती जाळी घेतली नाही. पोह्यांचा कांदा अजूनही मावशी हाताने चिरतात. तो चार-पाच किलोच असतो हे वहीत दिसलं होतं, म्हणून तो निर्णय सोपा गेला.

एका डीलरकडे मी चिरणाऱ्या मावशींना बरोबर घेऊन गेले. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. तो माझ्याशी वॉट आणि हॉर्सपॉवर बोलत होता, मावशी मशीनभोवती फिरत होत्या. मग त्यांनी माल दाबायचा दांडा धरला, वर उचलला आणि म्हणाल्या, ‘ताई, हे वट्यावर ठेवलं तर माझा हात पोचायचा नाही.’ खरंच होतं. मशीन पावणेदोन-दोन फूट उंच, त्यावर दांडा उघडला की आणखी वर. आमचा ओटा बत्तीस इंची. मावशींची उंची पाच फूटही नाही. दिवसभर खांद्याच्या वर हात करून दांडा दाबायचा म्हणजे विळीवरचे गुडघे सोडून खांदा धरायचा. त्यामुळे मशीनबरोबर गुडघ्याएवढ्या उंचीचा स्टीलचा ठोकळा करून घ्यायचं तिथेच ठरलं. मावशींचा दुसरा प्रश्न, ‘हे धुवायचं कसं?’ त्यावर डीलरने मशीन उघडून दाखवलं. तिथे बरंच काही कळलं.

धुण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण कॅटलॉगात ते नसतं. देशी मशिनांपैकी काहींत डिस्क चार स्क्रूंनी बसवलेली असते. पहाटे कोण स्क्रू काढणार? मग ती न काढताच वरून पाणी मारतात, आणि डिस्कच्या मागे कोबीचा चोथा अडकून दुसऱ्या दिवशी आंबतो. डिस्क हाताने उचलून निघायला हवी, ही माझी अट झाली. दुसरं, ॲल्युमिनियमचे भाग. कडक साबणाच्या पाण्यात ते काळे पडतात आणि तो काळपटपणा फडक्याला येतो. तिसरं, पारदर्शक प्लास्टिकची भांडी. पॉलिकार्बोनेट फुटत नाही हे खरं, पण एकदा हळद-लाल तिखटाचं वाटण केलं की ते भांडं कायमचं पिवळं, आणि लवंग-मिऱ्यांनी आतून चरे पडतात ते वेगळेच. चौथं, आमच्याकडे रात्री पाइप लावून सगळं स्वयंपाकघर धुतात. मोटरीच्या अंगावर आयपी आणि पुढे दोन आकडे असतात, त्यातला दुसरा पाण्याचा. चार म्हणजे उडालेलं पाणी सोसतं, पाच म्हणजे पाइपची धारही. जिथे तो आकडाच नव्हता तिथे मी पुढे विचारलं नाही.

स्टीलची गंमत अशी की सगळेच ‘तीनशे चार आहे’, म्हणजे चांगल्या प्रतीचं, असं म्हणतात आणि पुरावा म्हणून चुंबक लावून दाखवतात. चुंबक चिकटत नाही, बघा! पण २०२ प्रतीच्या स्वस्त स्टीलला पण चुंबक चिकटत नाही. भांड्यांच्या व्यापाऱ्यांकडे एक तपासायचं द्रावण असतं, थेंब टाकला की २०२ वर लालसर होतं. आमच्या ओळखीच्या भांडीवाल्याने ती बाटली दिली. एका दुकानात मी ती पिशवीतून काढली तेव्हा दुकानदार हसून म्हणाला, ‘बाहेरचं पत्र्याचं कव्हर दोनशे दोनच आहे, अन्नाला लागतं ते तीनशे चार.’ थेंब टाकून पाहिलं, खरंच तसं होतं. तो माणूस मला आवडला.

दोन तपासण्या मात्र कुणी करूच देत नव्हतं, आग्रह धरावा लागला. एक, चालू मशीनचं झाकण उघडायचं. चांगल्या मशीनमध्ये चुंबकाचा स्विच असतो, दांडा उचलला की डिस्क दोन-तीन सेकंदांत थांबते. एका मशीनची डिस्क मी दहापर्यंत मोजलं तरी फिरत होती. आमच्याकडे बायकांच्या हातात बांगड्या असतात आणि मावशींचा हात सवयीने आत जातो, अडकलेलं काढायला. ते मशीन तिथेच बाद. दुसरी तपासणी, मशीन चालू असताना भिंतीवरचं बटण बंद करायचं आणि पुन्हा चालू करायचं. चांगलं मशीन गप्प राहतं, हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय सुरू होत नाही. साध्या खटक्याचं मशीन मात्र वीज येताच धाडकन फिरायला लागतं. वीज गेली म्हणून कुणी आत हात घातलेला असेल आणि तेवढ्यात ती आली तर? पावसाळ्यात आमच्या भागात वीज जाते-येते, हे काही कल्पनेतलं भय नाही.

विजेचा भाग लवकर आटपते. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट. आमच्या मंजूर भारात एक-दोन हॉर्सपॉवरची भर मावत होती, पण मोटर सुरू होताना क्षणभर चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट ओढते, म्हणून इलेक्ट्रिशियनने वेगळी वायर, मोटरीला चालणारा एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा खटका) आणि ओल्या फरशीमुळे आरसीसीबी (वीज कुठे झिरपली की तोडणारा) लावून दिला. अर्थिंग त्याने नव्याने केलं. थ्री फेजचं मशीन स्वस्तात मिळत होतं ते नाकारलं, कारण आमचं कनेक्शन सिंगल फेज. ज्यांच्याकडे थ्री फेज आहे त्यांनी मशीन बसवल्यावर डिस्क कुठल्या दिशेने फिरते ते आधी रिकामं चालवून बघावं. उलटी फिरत असेल तर दोन फेजच्या तारा अदलाबदल करायच्या, एवढंच.

मग पैशांचं. आयात केलेल्या मशीनचा भाव डिस्का धरून लाखाच्या बराच वर, देशी त्याच्या तिसऱ्या हिश्शात. कोटेशनमध्ये मशीनचा आकडा मोठ्या अक्षरांत आणि डिस्का ‘एक्स्ट्रा’. एकेक डिस्क एका बऱ्या घरगुती मिक्सरच्या किमतीची. वर जीएसटी. पाच टक्के जीएसटी लावणाऱ्या आमच्यासारख्यांना इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, तेव्हा मशीनवरचा कर आपल्याच खिशातून जातो, तो किमतीतच धरायचा. सीए नसेल तर हे कळतच नाही, डीलर काही सांगत नाही. आमच्या जाऊबाईंनी सुचवलं की बंद पडलेल्या हॉटेलांची जुनी मशिनं मिळतात. एक बघायला गेलो. आयात केलेलं, चांगल्या कंपनीचं, किंमत निम्म्याहून कमी. डिस्क बसते तो दांडा हाताने हलवला तर किंचित खेळत होता आणि रिकामं चालवलं तर बेअरिंगचा खरखर आवाज. दांडा खेळला की काप एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. सोडून दिलं.

शेवटी निर्णय कशावर झाला, तर ज्यांच्याकडे अशी मशिनं चालू आहेत त्यांना फोन केल्यावर. कार्यालयाचं केटरिंग करणारे यांचे चुलत भाऊ, एका कंपनीच्या कँटीनचे व्यवस्थापक, एक उडपी हॉटेलवाले. मशीन कसं आहे असं विचारलं तर सगळे छानच म्हणतात. मी विचारलं, शेवटचं बंद कधी पडलं, कोण आलं, किती वेळाने आलं, आणि पातं कुठून आणलं? देशी मशीनवाल्यांची उत्तरं दोन टोकांची होती. एकाचा रिवाइंडिंगवाला गल्लीतच, त्यामुळे मोटर जळली तरी संध्याकाळपर्यंत चालू. दुसऱ्याचा डीलरच दुकान बदलून गेलेला, आणि त्या मापाचं पातं आता कुठेच मिळत नाही. आयातवाल्यांची मोटर कुणाचीच जळली नव्हती. त्यांची तक्रार एकच, डिस्का महाग आणि मागवल्या की यायला वेळ.

आम्ही आयात केलेलं, पट्ट्याचं, साडेतीनशे-चारशे फेऱ्यांचं, भांडं नसलेलं चिरायचं मशीन घेतलं आणि डिस्का मोजक्याच: तीन मिलिमीटरचे काप, किसणी आणि दहा मिलिमीटरच्या फोडींचा जोड. डीलर आठ डिस्कांचा संच सवलतीत देत होता. वही दाखवून मी नको म्हटलं. वाटणासाठी मात्र देशीच घेतलं, पाच लिटरचं, कलतं होणारं, तांब्याच्या वाइंडिंगच्या इंडक्शन मोटरचं कमर्शियल मिक्सर. त्यात नाजूक असं काही नाही आणि त्याची मोटर आपल्या पेठेतला कुणीही भरून देतो. कूट त्यातच होतं, पण शेंगदाणे भाजून पूर्ण गार झाल्यावर, सालं पाखडून, आणि बटण दाबलं-सोडलं अशा झटक्यांनी. गरम दाणे टाकायची घाई केली की तळाला तेलाचा गोळा. पैसे निम्मे भिशीचे, बाकीचे हप्त्यांनी.

मशीन आल्यावर सगळं सुरळीत झालं असं नाही. कोबीची भाजी पहिल्या दिवशी फसली. विळीवरचा कोबी जाड-बारीक असतो, काही कुरकुरीत राहतो, काही मऊ होतो. मशीनचा एकसारखा, त्यामुळे सगळा एकदमच शिजला आणि खाली बसला. आता कोबीला झाकण ठेवत नाही आणि मीठ शेवटी घालतो. भेंडी मशीनमध्ये चिकट होते, मेथी-कोथिंबीर काळी पडते, ती हातानेच. कोशिंबिरीची काकडी किसली तर सगळं पाणी सुटतं, म्हणून तीही चोचवूनच. उभा कांदा, कोबी, गाजर, बटाटा, दुधी, मुळा, नारळ सोडून सगळा कीस, हे मशीनकडे. दांड्याने किती दाबायचं हे मावशींना आठवड्याभरात हाताला कळलं. त्या जास्त दाबत नाहीत, मशीनला ओढू देतात. माझा नवरा दाबतो, त्याच्या हातचा कांदा पाणी सोडतो. त्याला आता परवानगी नाही.

जाहिरातीत तासाला दोन-अडीचशे किलो लिहिलेलं असतं. ते खोटं नाही, पण सोललेल्या मालाचं आहे. आमचा पस्तीस किलो कांदा मशीनमधून पंधरा-वीस मिनिटांत निघतो. तो सोलायला, बुडखे काढायला आणि तोंडात मावेल असा अर्धा करायला दोघींना तासाच्या वर लागतो. सकाळचा अडकलेला वेळ चिरण्यावरून सोलण्यावर सरकला. तरी दीडेक तास वाचला. साडेपाचऐवजी सातला मावशी येतात, आणि त्या विळीवर बसत नाहीत, उंच स्टुलावर बसून सोलतात.

आता बटाटे सोलायच्या मशीनची चौकशी चालू आहे. आत खरखरीत पत्र्याचा पिंप फिरतो आणि बटाट्याची साल घासून निघते. बटाटा गोल आणि गुळगुळीत असेल तर मस्त, खोल डोळ्यांचा असेल तर डोळे राहतात, आणि जास्त वेळ फिरवला तर सालीबरोबर बटाटाही जातो. मावशींच्या सुरीने पंचवीस किलोमागे साल किती निघते, ते वहीत लिहायला सांगितलं आहे. तो आकडा हातात आल्याशिवाय मी डीलरला फोन करणार नाही.